लक्षद्वीपला पहिल्यांदा जाताय? परवान्यापासून परतीच्या बोटीपर्यंत सगळं सांगतो

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे तिथले स्नॉर्केलिंगचे फोटो आले आणि तेव्हापासून दर थंडीत कुणी ना कुणी विचारतंच, की अरे लक्षद्वीपला जायचंय, हॉटेल कुठलं बुक करू? आता घोडं इथेच अडतं. गोवा असो, अंदमान असो, आपण आधी हॉटेल बघतो, मग तिकीट, मग बाकीचं. लक्षद्वीपला हा क्रम उलटा लावायचा. आधी परवाना, मग जहाज किंवा विमानातली सीट, आणि राहायची जागा त्यानंतर. कुठल्या बेटावर जायचं हेसुद्धा बऱ्याचदा आपण नाही ठरवत, त्या आठवड्यात जहाज कुठे चाललंय त्यावर ठरतं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी कटकट संपते.

थोडी भूगोलाची उजळणी, कारण प्लॅनिंगला लागते. लक्षद्वीप म्हणजे केरळच्या पश्चिमेला अरबी समुद्रात पसरलेली ३६ छोटी बेटं, सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. लोकवस्ती दहा बेटांवर, आणि २०११ च्या जनगणनेत अख्ख्या लक्षद्वीपची लोकसंख्या ६४ हजारांच्या आसपास होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. राजधानी कवरत्ती, विमानतळ अगत्तीला. कोचीपासून कल्पेनी सगळ्यात जवळ, २८७ किलोमीटर, बाकीची नावाजलेली बेटं चारशेच्या आगेमागे आणि अगत्ती ४५९. मिनिकॉय मात्र खाली दक्षिणेला एकटंच, मालदीवच्या शेजाराला.

कधी जायचं

ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. त्यातही डिसेंबर ते मार्च बेस्ट, समुद्र शांत असतो आणि पाणी इतकं नितळ की बोटीतून खालचा तळ दिसतो. जून ते सप्टेंबर विचारच करू नका, पावसाळ्यात बेटांमधल्या वेगवान बोटी बंद असतात, मोठ्या जहाजांचं वेळापत्रक कोलमडतं आणि अडकलात तर खरंच अडकलात. रमजान कधी येतोय तेही बघून घ्या. तिथे जवळपास सगळी वस्ती मुस्लिम आहे, तेव्हा दिवसा गावातली खाण्याची दुकानं बंद मिळतील. रिसॉर्टवर जेवायचं असेल तर फरक पडत नाही म्हणा.

परवाना, म्हणजे खरी पहिली पायरी

हो, भारतीयांनाही लागतो. १९६७ च्या नियमांनुसार बाहेरच्या माणसाला बेटांवर जायला प्रशासनाची परवानगी लागते आणि त्यात कोणकोणत्या बेटांवर जाणार ते लिहिलेलं असतं. अगत्तीचा परवाना घेऊन 'चला जाता जाता कवरत्ती बघू' असं होत नाही, त्यामुळे ज्या ज्या बेटांवर पाय ठेवायची शक्यता आहे ती सगळी अर्जात टाका.

परवाना मिळवायचे रस्ते दोन. एक, पॅकेजने जाणं. लक्षद्वीप प्रशासनाचीच स्पोर्ट्स नावाची पर्यटन संस्था आहे, तिच्यामार्फत किंवा मान्यता असलेल्या टूरवाल्यामार्फत बुकिंग केलं की परवान्याचे कागद तेच पुढे ढकलतात, तुम्ही फक्त आधार, फोटो, फॉर्म द्यायचा. दुसरा रस्ता, स्वतःहून जाणं, त्यासाठी तिथला कुणीतरी रहिवासी तुमचा स्पॉन्सर म्हणून लागतो. होमस्टेवाले हे काम करून देतात, पण परवाना हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे कुणालाही देऊ नका, आणि सोशल मीडियावर 'परमिट दोन दिवसांत गॅरंटी' म्हणणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहा.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी, मागितलं जातं. महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, पण मग पोलीस स्टेशनला व्हेरिफिकेशन वगैरे होऊन कागद हातात यायला वेळ लागू शकतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी सुरू करा, निदान महिना-दीड महिना आधी. आधारवरचं नाव, पीसीसीवरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. आपल्याकडे लग्नानंतर बायकांची नावं एका कागदावर माहेरची आणि दुसऱ्यावर सासरची असतात, तिथे हमखास गोंधळ होतो. परवान्याच्या तीन-चार प्रिंट काढून ठेवा, मोबाइलमधल्या पीडीएफवर विसंबू नका, कारण बेटावर उतरल्यावर पोलिसांकडे तो दाखवून नोंद करायची असते.

कोचीपर्यंत कसं पोचायचं

हे सोपं आहे. मुंबई-पुण्याहून कोचीला विमानं आहेत. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी दिल्लीहून येणारी गाडी भुसावळ, नाशिक रोड, कल्याण, पनवेल करत कोकण रेल्वेने एर्नाकुलमला जाते आणि तिचं नावच मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस. लक्षद्वीपला काही ती जात नाही, पण सुरुवात करायला शकुन चांगला! लोकमान्य टिळक टर्मिनसहून नेत्रावती आहे, पुण्याहून पूर्णा आहे.

एकच गोष्ट कटाक्षाने पाळा. जहाजाच्या किंवा विमानाच्या आदल्या दिवशी कोचीत मुक्कामाला पोचा. सकाळी एर्नाकुलमला उतरून दुपारचं जहाज पकडू असला हिशोब करू नका, पावसात दरड कोसळून कोकण रेल्वे कशी लेट होते ते आपल्याला सांगायला नको आणि ऑक्टोबरातही परतीचा पाऊस असतोच की. आदला दिवस वाया जात नाही, फोर्ट कोचीला चिनी जाळी बघा, मट्टनचेरीत फिरा.

विमान की जहाज

विमानाने जायचं तर अगत्तीलाच उतरावं लागतं, दुसरीकडे विमानतळच नाही. अगत्ती म्हणजे उत्तर-दक्षिण पसरलेली एक बारीक पट्टी आहे आणि तिच्या दक्षिण टोकावर धावपट्टी, दोन्ही बाजूंना पाणी. उतरताना खिडकीतून शेवटच्या क्षणापर्यंत खाली समुद्रच दिसतो आणि शेजारचा माणूस हात घट्ट धरतो, तेव्हा घाबरू नका, असंच असतं. धावपट्टी छोटी असल्यामुळे इथे एटीआर जातीची छोटी विमानं येतात, सीट मोजक्या, त्यामुळे तिकीट महाग आणि लवकर संपणारं. कोचीहून अलायन्स एअर वर्षानुवर्षं जातेय, २०२४ मध्ये बेंगळुरूहून इंडिगो आणि गोव्यातून फ्लाय९१ नेही अगत्तीची सेवा सुरू केली. सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडच्या मंडळींना गोव्याचा पर्याय खूप सोयीचा पडेल, फक्त वेळापत्रकं बदलत राहतात म्हणून त्या महिन्याचं त्या महिन्यात बघा. सामान पंधरा किलोच्या आत बसवा.

जहाज म्हणजे वेगळाच प्रकार. एमव्ही कवरत्ती, एमव्ही अरेबियन सी, एमव्ही लक्षद्वीप सी, एमव्ही कोरल्स, एमव्ही लगून अशी सरकारी जहाजं कोचीहून सुटतात आणि बेटानुसार चौदा ते अठरा तास लागतात. ही क्रूझ नाही हे आधीच सांगून ठेवतो, डीजे नाही, स्विमिंग पूल नाही, ही तिथल्या लोकांची एसटी आहे. दवाखान्यातून परत निघालेली आजी, कोचीत शिकणारी पोरं, फ्रिजचे खोके, कांद्याची पोती, सगळं तुमच्याबरोबर. मला विचाराल तर एका बाजूने तरी जहाजाने जाच, कारण रात्री डेकवर उभं राहिलं की चारी बाजूंना एकही दिवा दिसत नाही आणि आपण किती लांब चाललोय ते तेव्हा कळतं, विमानात हे कळत नाही.

स्पोर्ट्सचं समुद्रम नावाचं पॅकेज याच जहाजावरचं. पाच दिवसांचं, रात्री जहाजात झोपायचं आणि दिवसा बेटावर उतरायचं, कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. पहिल्यांदा जाणाऱ्यांना आणि आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांना हेच सुचवेन, कारण परवाना, जेवण, बोट सगळं एकाच्याच गळ्यात. त्या सीझनला पॅकेज चालू आहे का आणि तारखा कोणत्या, ते कोचीतल्या विलिंग्डन आयलंडवरच्या ऑफिसला आधी विचारून घ्या.

बोट लागते का? लागते. अरबी समुद्र शांत दिसला तरी रात्री जहाज डुलतं. घाटात ओकणाऱ्या प्रत्येक मराठी घरात ॲव्होमिन असतेच, ती घ्या, पण जहाज हलायला लागल्यावर नाही, निघायच्या अर्धा-एक तास आधी, आणि बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. पोट रिकामं ठेवू नका आणि टम्मही भरू नका. मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारे सगळ्यात आधी आडवे होतात.

भर समुद्रात बोट बदलणं

याच्याबद्दल आधी कुणी सांगत नाही आणि मग तिथे बायाबापड्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. बऱ्याच बेटांना मोठं जहाज किनाऱ्याला लागू शकत नाही, भोवती प्रवाळाची भिंत असते आणि आतलं पाणी उथळ. मग जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं, बेटावरून छोट्या मोटरबोटी येतात, जहाजाच्या कुशीतलं पाण्याच्या पातळीजवळचं दार उघडतं आणि त्या दारातून खाली बोटीत उतरायचं. बोट लाटेबरोबर चार फूट वर येते, चार फूट खाली जाते. दारात दोन खलाशी उभे असतात, ते तुमचे दोन्ही दंड धरतात, बोट वर येईपर्यंत थांबवून ठेवतात, आणि वर आली की एक आवाज देतात, त्या क्षणाला पाय टाकायचा. आधी नाही, नंतर नाही. खाली बोटीतले दोघं लगेच पकडतात. हे लोक रोज शेकडो माणसं उतरवतात, म्हाताऱ्या, तान्ही बाळं, सगळी, तेव्हा त्यांच्यावर सोडून द्या आणि स्वतःचं डोकं चालवू नका.

तयारी एवढीच, की दोन्ही हात मोकळे हवेत. बॅग हातात नको, ती वेगळी उतरवतात. मोबाइल खिशात नको, चेनवाल्या पाऊचमध्ये. साडी किंवा घोळदार कपडे त्या दिवशी नको, पायात मागे पट्टा असलेले सँडल. लाइफ जॅकेट देतात ते नीट बांधा, फोटोसाठी काढू नका. ज्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यांनी विमान-अगत्ती हाच पर्याय बघावा.

कुठलं बेट कुणासाठी

अगत्ती-बंगारम: वेळ कमी आहे, नवीन लग्न झालंय, वाळू-पाणी-शांतता एवढंच हवंय, तर हे. अगत्तीहून बोटीने तासाभरात बंगारम, शेजारी तिण्णकरा, दोन्हीकडे तंबूवजा राहायची सोय. पर्यटकांना दारू मिळते ती फक्त बंगारमला, बाकी सगळीकडे बंदी. कोचीहून बॅगेत बाटली लपवून न्यायचा शहाणपणा करू नका, सामान तपासतात.

कदमत: लांबच लांब बीच आणि डायव्हिंग. बेट लांबीला नऊ किलोमीटर आणि रुंदीला जास्तीत जास्त अर्ध्या किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चहा पिता पिता एका समुद्राकडून दुसऱ्या समुद्राकडे जाता येतं. स्कूबा पहिल्यांदा करायचं असेल तर इथे करा, मात्र डाइव्हनंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नाही हा नियम पक्का धरून दिवस आखा.

कवरत्ती: गाव म्हणून चांगलं, लाकडी कोरीव छताची उजरा मशीद आहे, मत्स्यालय आहे. कल्पेनी पोरांना आवडतं, लगून (म्हणजे प्रवाळाच्या भिंतीच्या आतलं शांत पाणी) मोठं आणि उथळ, कयाकिंग मस्त. त्याच कल्पेनीच्या पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाच्या दगडांचा मोठा बांध दिसतो, तो १८४७ च्या वादळात समुद्राने वर आणून टाकलेला.

मिनिकॉय: माझं आवडतं, तेव्हा थोडं जास्त लिहितो. बाकी बेटांवर मल्याळमच्या जवळची बोली चालते, इथे एकदम महल भाषा, मालदीवच्या दिवेहीची बहीण, लिपीही तीच, उजवीकडून डावीकडे लिहायची. १८८५ चा इंग्रजांनी बांधलेला दीपगृहाचा मनोरा आहे, चढू देत असतील तर चढा, वरून अख्खं बेट चंद्रकोरीसारखं दिसतं. आणि इथली ट्यूनाची मासेमारी बघायला मिळाली तर सोडू नका. जाळं नाही. आधी लगूनमधून इवले इवले जिवंत मासे पकडून बोटीच्या पोटात पाण्यात ठेवतात. ट्यूनाचा थवा दिसला की ते मूठमूठ समुद्रात फेकायचे आणि वरून पाण्याचे फवारे मारायचे, म्हणजे ट्यूनाला वाटतं पृष्ठभागावर माशांची झुंड उसळलीय. मग मागच्या टोकाला ओळीने उभे राहिलेले पुरुष लांब काठ्यांनी गळ टाकतात, गळाला काटेरी अडकण नसते, त्यामुळे मासा ओढला की झटक्यात खांद्यावरून मागे डेकवर पडतो आणि आपोआप सुटतो, लगेच काठी परत पाण्यात. काही मिनिटांत डेक चंदेरी. जाळ्यात जशी कासवं-डॉल्फिन अडकतात तसलं काही यात होत नाही. तोच ट्यूना उकडून, धुरी देऊन, उन्हात लाकडासारखा कडक वाळवतात, त्याला मास म्हणतात. आपल्या सुकटीवर प्रेम असणाऱ्यांनी थोडा घेऊनच यावा.

पाण्यात उतरताना

लक्षद्वीपच्या जवळपास सगळ्या बेटांना लगून पश्चिमेला आहे. प्रवाळाच्या कड्याच्या पूर्वेकडच्या भागावर जमीन तयार झालीय, त्यामुळे पश्चिमेला शांत हिरवंनिळं पाणी आणि पूर्वेला थेट खुला समुद्र, खडबडीत, ओढ असलेला. पोहायचं ते पश्चिमेलाच. पूर्वेला फक्त सूर्योदय बघायचा. अपवाद आंद्रोतचा, ते पूर्व-पश्चिम आडवं पसरलेलं बेट आहे आणि त्याला नाव घेण्यासारखं लगूनच नाही.

ती पांढरी वाळू म्हणजे प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुरा आहे. अलिबाग-मुरुडच्या काळपट वाळूची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना दुपारी ती सहन होत नाही, गॉगल लागतोच. त्यातली बरीचशी पोपटमाशांनी प्रवाळ कुरतडून, पचवून मागे सोडलेली असते. स्नॉर्केलिंग करताना डोकं पाण्याखाली ठेवून शांत राहिलात तर त्यांचा कुरतडण्याचा कटकट आवाज खरंच ऐकू येतो.

प्रवाळावर उभं राहू नका. ते दगड वाटतं पण जिवंत असतं, आणि १९९८, २०१०, २०१६, २०२४ अशा गरम पाण्याच्या वर्षांनी आधीच बरंचसं पांढरं पडून मेलंय. शिवाय पायाला लागलं तर जखम आठवडाभर चिघळते आणि समुद्री साळिंदराचे काटे वेगळेच. रबरी शूज घाला. प्रवाळाचा तुकडा 'शोकेसमध्ये ठेवू' म्हणून उचलायचा नाही, किनाऱ्यावर मेलेला पडलेला असला तरी नाही, वन्यजीव कायद्यात येतो, आणि जाताना सामान तपासतात.

सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टीशर्ट जास्त कामाचा, पाठ भाजत नाही.

गावात वागायचं कसं

वस्तीच्या बेटांवर बिकिनी, शॉर्ट्समध्ये गावातून फिरणं, उघड्या अंगाने दुकानात जाणं, नको. रिसॉर्टच्या बीचवर वेगळं, गावात वेगळं. बायकांचे फोटो न विचारता काढू नका. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी दुकानं बंद असतात, म्हणून पाणी-बिस्किटं आधी घ्या. लोक अतिशय प्रेमळ आहेत, रस्त्यात थांबवून चहा पाजतील. हिंदी बऱ्याच जणांना येते, मिनिकॉयला तर जहाजावर जगभर काम करून आलेले लोक भेटतात, त्यांच्याशी गप्पा मारा, दुपार कशी गेली कळत नाही.

खाण्याचं सांगायचं तर ट्यूना, नारळ, भात, परोटा, आणि पुन्हा ट्यूना. ऑक्टोपस फ्राय मिळाला तर खाऊन बघा, रबरासारखा नसतो. नारळाच्या झाडाची ताजी गोड नीरा मिळते, तिला मीरा म्हणतात. शाकाहारी मंडळींनी बुकिंग करतानाच स्पष्ट सांगावं, आणि हेही लक्षात घ्यावं की भाजी जहाजाने येते, जहाज लेट तर भाजी लेट, मग डाळ-भात-लोणचं. चिवडा, भाकरवडी, दशम्या बरोबर ठेवा, मात्र रिकामी पाकिटं परत घेऊन या, एवढ्याशा बेटावर कचरा टाकायला जागा कुठेय.

पाण्याचंही तसंच. जमिनीखाली गोड्या पाण्याचा पातळ थर आहे, जास्त उपसला की खारं वर येतं. कवरत्तीला २००५ पासून समुद्राच्या खोलातलं थंड पाणी वापरून खाऱ्याचं गोडं करणारा प्रकल्प आहे, रोज एक लाख लिटरचा, नंतर मिनिकॉय आणि अगत्तीलाही झाले. तरी बादलीभर पाण्यात अंघोळ उरका.

पैसे, फोन, औषधं

एटीएम मोजकी, आणि छोट्या बेटावर बंद असलं तर दुसरं शोधायला जायचं कुठे? रोख घेऊन जा. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून टाकलेली समुद्राखालची केबल सुरू झाल्यापासून नेट बरंच सुधारलंय आणि यूपीआय चालतं, पण बंगारमसारख्या ठिकाणी भरवसा ठेवू नका. बीएसएनएल किंवा एअरटेलचं एक सिम असू द्या. ड्रोन घरी ठेवा, वेगळी परवानगी लागते.

दवाखाने आहेत, पण गंभीर काही झालं तर पेशंटला हेलिकॉप्टरने कोचीला न्यावं लागतं, तेही हवामान बरं असेल तर. म्हणून दिवस भरत आलेल्या गरोदर बाईने किंवा नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेल्याने हा बेत पुढे ढकलावा. रोजची औषधं ठरल्यापेक्षा निदान पाच दिवसांची जास्त घ्या.

ती पाच दिवसांची जास्त औषधं का, तर परतीमुळे. जहाज उशिरा येतं, विमान हवामानामुळे रद्द होतं, आणि कोचीहून त्याच संध्याकाळची ट्रेन काढलेली असली की मग जीव टांगणीला. परतीचं तिकीट बेटावरून निघायच्या दिवसाला सोडून दोन दिवसांनंतरचं काढा, ऑफिसात रजाही तेवढी जास्त टाका. सगळं वेळेवर झालं तर कोचीत दोन दिवस मिळतील, खादाडी करा, शिवाय जहाजातून उतरल्यावर पहिला दिवसभर जमीन हलल्यासारखी वाटते, त्या अवस्थेत नेत्रावतीच्या वरच्या बर्थवर चढण्यापेक्षा ते बरं.